फ्लायव्हीलचे वजन आणि रोजचा रस्ता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर स्पोर्ट्‌स कारचा क्लच बदलण्याविषयी लेख आला आणि त्याच दिवशी माझ्या भाच्याचा फोन आला. ‘मावशी, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर सरळ स्टेज थ्री क्लच टाकतो, आणि सोबत हलके फ्लायव्हील. दहा अश्वशक्ती वाढते, पेपरात छापून आलंय.’ त्याची गाडी दोन लिटरची, चार सिलेंडरची, दोन आसनी. शौकाची खरी, पण दुसरी गाडी त्याच्याकडे नाही. कामावर तीच, पावसात तीच, संध्याकाळच्या कोंडीत तीच. गिअरबॉक्समधले आवाज मोजायचे आणि ते कुठून येतात ते शोधायचे, यात माझी सगळी नोकरी गेली. नोकरीतून निवृत्त झाले, कान अजून झालेले नाहीत. म्हणून हे पत्र.

आधी त्या दहा अश्वशक्तीचे बघू. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली जड तबकडी, जिच्यावर क्लच पकड घेतो. ते इंधन जाळत नाही, त्यामुळे ते शक्ती देत नाही आणि खातही नाही. इंजिनाचा वेग वाढत असताना ते थोडी ऊर्जा स्वतःत साठवते आणि वेग उतरताना परत देते. ज्या डायनोवर जड रोलर फिरवून शक्ती मोजतात, तिथे हलक्या फ्लायव्हीलची गाडी चढवली तर आकडा वाढलेला दिसतो, कारण चाचणी चालू असताना फ्लायव्हीलला वेग द्यायला कमी शक्ती लागते आणि तेवढी रोलरवर जास्त पोचते. तीच गाडी एका स्थिर वेगावर धरून मोजली तर आकडा होता तिथेच राहतो. लेखातले ते वाक्य कृपया दुरुस्त करावे.

मग फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे कागदावर काढता येते. समजा जुने फ्लायव्हील ९ किलोचे आहे, नवे ५ किलोचे, आणि कमी झालेले ४ किलो मध्यापासून सरासरी १० सेंटीमीटरवरचे होते. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून एकूण गुणोत्तर १४ च्या आसपास असेल (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १४), तर वेग पकडताना गाडी सुमारे ८७ किलोने हलकी झाल्यासारखी वागते. म्हणजे शेजारी बसलेला धष्टपुष्ट मित्र खाली उतरला! पण गुणोत्तराचा इथे वर्ग होतो. दुसऱ्या गिअरमध्ये, गुणोत्तर साडेआठ धरले तर, हाच फायदा ३२ किलोवर येतो, आणि वरच्या गिअरमध्ये, ३.६ च्या गुणोत्तराला, जेमतेम ६ किलो उरतात. ज्याला ओव्हरटेक करताना गाडी पळायला हवी आहे, त्याला टाकीत थोडे पेट्रोल कमी भरूनही तेवढेच मिळेल.

हे गणित मी भाच्याला फोनवरच सांगितले. तो म्हणाला, ‘पण पहिल्या गिअरमध्ये तर ८७ मिळतायत ना!’ मिळतात. रोजच्या रस्त्यावर मात्र पहिल्या गिअरचे काम गाडी पळवणे हे नसते, उभी गाडी न बंद पडता हलवणे हे असते. आणि नेमक्या त्या क्षणी फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा आपल्या उपयोगी पडते. ती कमी झाली की चालक काय करतो? गाडी बंद पडू नये म्हणून जास्त रेस देतो. मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर क्लच सोडून ११०० किलोची गाडी हलवली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीचा वेग ताशी १० किलोमीटरच्या जवळ पोचतो आणि क्लचमध्ये साधारण ४ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेच २,४०० फेऱ्यांवर केले की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ती शोषायला फ्लायव्हीलचे लोखंड मात्र आता जवळजवळ निम्मे राहिलेले. मोकळ्या रस्त्यावर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. दर दहा मीटरवर थांबणाऱ्या रांगेत, चढावर, तासभर, याचा वास येतो.

हलक्या फ्लायव्हीलची बाजू घेऊन एक गोष्ट मान्य करायला हवी. खालचा गिअर टाकताना टाच-बोटाने रेस देऊन फेरे जुळवणाऱ्यांना त्याची मजा खरोखर येते. इंजिन चटकन चढते. ते उतरतेही तितक्याच चटकन, त्यामुळे गिअर बदलताना हात सावकाश असेल तर प्रत्येक वेळी धक्का बसतो. ज्याचा हात वेगवान आहे त्याने ६-७ किलोपर्यंत उतरायला माझी हरकत नाही. मात्र विकत घेताना नुसते वजन विचारू नये, फिरते जडत्व, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, किती ते विचारावे. मध्यातून दोन किलो कमी करणे आणि काठावरून दोन किलो कमी करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बहुतेक विक्रेते फक्त किलो छापतात.

आता माझ्या विषयाकडे येते. लेखात आवाजाचा एक शब्दही नाही.

चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात. गाडी उभी असताना, ८०० फेऱ्यांवर, सेकंदाला सुमारे २७ झटके. प्रत्येक झटक्याला क्रँक क्षणभर पुढे धावतो आणि पुन्हा मागे पडतो. फ्लायव्हील जितके जड तितकी ही धाव-माघार कमी. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवरून काढलेला असताना ही थरथर इनपुट शाफ्टमार्गे गिअरबॉक्समध्ये जाते, आणि तिथे शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरांचे दाते समोरच्या दात्यांवर दोन्ही बाजूंनी आपटायला लागतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. क्लच दाबला की बंद, सोडला की सुरू. पुष्कळ लोक घाबरून बेअरिंग गेले म्हणून गॅरेजला धावतात. उभ्या गाडीतला हा आवाज सहसा गिअरबॉक्सचे काही बिघडवत नाही, पण रोज प्रत्येक सिग्नलला तो ऐकायची तयारी हवी. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर या गाडीला हलके एकसंध फ्लायव्हील पर्याय म्हणून दिले होते, आणि ती गाडी उभ्याने खुळखुळते हे तिचे चाहते कौतुकाने सांगतात. तशा कौतुकाला ना नाही. फक्त ते पत्करताना माहीत असावे.

ही थरथर अडवण्याचे काम फ्लायव्हीलवर दाबली जाणारी मूळ क्लच प्लेटही करते. प्लेटच्या मध्यात ज्या स्प्रिंगा दिसतात त्या सगळ्या सारख्या नसतात. बऱ्याच मूळ प्लेटांत जाड स्प्रिंगांबरोबर अगदी मऊ, छोट्या स्प्रिंगांचा एक वेगळा टप्पा असतो. तो केवळ गाडी उभी असतानाच्या झटक्यांसाठी. जाड स्प्रिंगा गाडी ओढतानाच्या टॉर्कसाठी. बाजारात मिळणाऱ्या ‘स्पोर्ट’ प्लेटांपैकी अनेकांत हा मऊ टप्पा काढून टाकलेला असतो आणि चार किंवा सहा जाडजूड स्प्रिंगा ठेवलेल्या असतात. दिसायला त्या भक्कम दिसतात, फोटोत छान येतात. पण मूळ फ्लायव्हील तसेच ठेवून अशी प्लेट घातली तरी गिअरबॉक्स खुळखुळू शकतो. आणि काही प्लेटांना तर स्प्रिंगाच नसतात. एकसंध फ्लायव्हीलबरोबर त्या शर्यतीच्या गाडीतच शोभतात.

म्हणून फ्लायव्हील आणि प्लेट ही जोडी आहे असे समजूनच निवडावी लागते. याचे सर्वांत ठळक उदाहरण ड्युअल-मास फ्लायव्हील. लूक या जर्मन कंपनीने १९८५ पासून ते मोटारींसाठी बनवायला घेतले. यात एकाच्या जागी दोन वजने असतात, आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, कमानदार स्प्रिंगा. इंजिनाकडचे वजन थरथरते, गिअरबॉक्सकडचे जवळपास शांत फिरते. स्प्रिंगा इतक्या मऊ ठेवलेल्या असतात की या जोडीचा अनुनाद, म्हणजे ज्या फेऱ्यांवर थरथर सर्वांत वाढते ती जागा, उभ्या गाडीच्या फेऱ्यांच्याही खाली जातो. गाडी चालू आणि बंद होताना तेवढा क्षणभर त्यातून जावे लागते. याच कारणाने ड्युअल-मासच्या गाडीत वरच्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांवर पाय दाबून गाडी रेटणे वाईट. तिथे इंजिन त्या अनुनादाच्या जवळ जाते आणि स्प्रिंगा ठोके खातात.

थरथर फ्लायव्हीलच शोषते आहे म्हटल्यावर अशा गाडीची मूळ क्लच प्लेट पुष्कळदा बिनस्प्रिंगांची असते. कुणी स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ड्युअल-मास काढून एकसंध फ्लायव्हील बसवले आणि प्लेट मात्र जुन्या प्रकारची ठेवली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मऊ असे काहीच उरत नाही. उभ्याने खुळखुळ येतेच, शिवाय १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या दरम्यान हलक्या पायाने चालवताना अख्खी गाडी घुमायला लागते. काही गाड्यांत तर इंजिनाचा संगणक क्रँकच्या वेगातले चढउतार पाहून एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही असा निष्कर्ष काढतो आणि दिवा लावून बसतो, इंजिन धडधाकट असताना. एकसंध करायचेच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेला पूर्ण संच घ्यावा, ज्यात स्प्रिंगांची प्लेट असते. माझे मत विचाराल तर रोजच्या गाडीला, आणि विशेषतः भरपूर टॉर्क देणाऱ्या टर्बो इंजिनाला, ड्युअल-मासच्या जागी ड्युअल-मासच. खर्च जास्त येतो, हे खरे आहे.

जुने ड्युअल-मास प्रत्येक वेळी टाकूनच द्यावे असेही नाही. दोन वजने एकमेकांविरुद्ध हाताने किती फिरतात आणि किती डुलतात याच्या मर्यादा बनवणारा देतो, त्या मोजाव्यात. ग्रीस बाहेर फेकले गेले असेल किंवा पृष्ठभागावर भेगा असतील तर मोजण्याची गरजच नाही, ते बदलावे. एकसंध फ्लायव्हील मात्र बहुधा लेथवर साफ करून पुन्हा वापरता येते. निळे डाग म्हणजे तिथे लोखंड तापून कडक झाले आहे. वरवर घासून डाग जातो, कडकपणा आत राहतो, आणि पुढे क्लच सोडताना गाडी थरथरते. काही फ्लायव्हीलना घर्षणाचा भाग आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) बसण्याची जागा यांच्यामध्ये पायरी असते. घर्षणाचा भाग कापला तर दुसराही तेवढाच कापावा लागतो, नाहीतर प्लेटवरचा दाबच बदलतो. कारागिराला हे विचारायला लाजू नये.

आणि एक गोष्ट कुणीही करू नये: मूळ बिडाचे फ्लायव्हील लेथवर कापून किंवा भोके पाडून हलके करणे. १४ सेंटीमीटर त्रिज्येचा काठ ७,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाने फिरत असतो, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या घरात. ते फुटले तर तुकडे बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणात, थांबत नाहीत, आणि त्या रेषेत चालकाचे पाय असतात. शर्यतींच्या जगात यासाठीच एसएफआय १.१ हे मानक आहे. हलके हवे तर घडवलेल्या पोलादाचे, किंवा पोलादी घर्षणपट्टा बसवलेले ॲल्युमिनियमचे, अशा मानकाला उतरलेले घ्यावे.

क्लचविषयी लेखकांनी स्टेज एक, दोन, तीन अशी चढती भाजणी दिली आहे. या आकड्यांमागे कोणतेही समान मानक नाही. एका कंपनीची स्टेज टू दुसऱ्या कंपनीच्या स्टेज वनपेक्षा कमी टॉर्क धरू शकते. विचारायचे ते न्यूटन-मीटर. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि घर्षणाची सरासरी त्रिज्या. एका प्लेटला पृष्ठभाग २, घर्षणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या ९.५ सेंटीमीटर, तर उत्तर २८५ न्यूटन-मीटर. भाच्याचे इंजिन २०५ देते. म्हणजे अगदी साध्या, मूळ पद्धतीच्या क्लचमध्येही जवळपास चाळीस टक्के शिल्लक आहे. मूळ क्लच बनवताना इंजिनाच्या टॉर्कच्या सव्वापट-दीडपट क्षमता ठेवण्याची पद्धतच आहे. तापल्यावर घर्षण कमी होते आणि प्लेट झिजते, म्हणून. इंजिनात काहीही बदललेले नसताना ५०० न्यूटन-मीटरचा क्लच घालून ती गाडी जास्त पळणार नाही. न घसरणारा क्लच आणखी न घसरण्याला काही अर्थ नाही.

जास्त पकडीची किंमत मात्र रोज मोजावी लागते. ती पकड बहुतेक वेळा दोन मार्गांनी आणतात. एक, प्रेशर प्लेटचा दाब वाढवून. त्याने पेडल जड होते, आणि पेडलपुरते ते थांबत नाही. क्लच दाबला की तो सगळा जोर रिलीज बेअरिंगवर, फोर्कवर, हायड्रॉलिक सिलेंडरवर आणि शेवटी क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग गेले तर इंजिन उघडावे लागते. अशा गाडीत सिग्नलवर क्लच दाबून धरण्याऐवजी न्यूट्रल करावे. दोन, घर्षणाचे साहित्य बदलून. साधे ऑर्गॅनिक साहित्य हाफ क्लचला सगळ्यांत मऊ. केव्हलार टिकते फार, पण सुरुवातीला फार जपावे लागते आणि एकदा तापून गुळगुळीत झाले की सहज सुधारत नाही. सिरॅमिक-धातूचे तुकडे लावलेल्या प्लेटा तापमान सोसतात, पण धरतात त्या एकदम. रांगेत अशी गाडी पुढे सरकत नाही, उड्या मारते. खरोखरच टॉर्क दुप्पट झालेल्या गाडीला दोन प्लेटांचा क्लच हा बरा मार्ग: पृष्ठभाग चार होतात, त्यामुळे दाब न वाढवता पकड वाढते आणि पेडल माणसात राहते. तो महाग आणि थोडा आवाजी असतो.

भाच्याला मी एक प्रश्न आधी विचारला होता: क्लच खरेच गेला आहे का? वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पूर्ण पाय दाबल्यावर फेरे चढतात आणि वेग चढत नाही, तर घसरतो आहे. नुसती थरथर असेल तर इंजिन माउंट किंवा मागच्या सीलमधून आलेले तेलही कारण असू शकते, आणि नव्या प्लेटवर तेच तेल पडेल. त्याचा घसरतच होता. तेव्हा ठरले ते असे: मूळ दर्जाची ऑर्गॅनिक प्लेट, मऊ टप्प्यासह; मूळ दाबाची प्रेशर प्लेट; त्याच्या गाडीचे एकसंध फ्लायव्हील लेथवर साफ करून तेच. तो जरासा हिरमुसला. मी म्हटले, वाचलेल्या पैशांत चांगले टायर घे, ते सगळ्याच गिअरांत जाणवतील.

त्या पैशांतले थोडे लहान भागांवर जायलाच हवेत. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचे मागचे ऑइल सील आणि, जिथे उत्पादक सांगतो तिथे, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट हे सगळे त्याच वेळी. क्लचच्या हायड्रॉलिकचे तेलही. बेलहाउसिंगमधली जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचे, आणि कुणी कोणत्या काळातली प्लेट बसवली होती ते पाहून सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

प्लेट बसल्यावर ती रुळायला साधारण ८०० किलोमीटर लागतात असे उत्पादक सांगतात, आणि लोक गाडी महामार्गावर नेऊन एका दिवसात ते उरकतात. वरच्या गिअरमध्ये शंभर किलोमीटर गेले तर क्लच त्यात एकदाही घासला गेला नाही, तो पूर्ण पकडलेलाच होता. रुळते ती गावातल्या थांबत-निघत चालण्याने, हलक्या पायाने, पुन्हा पुन्हा क्लच धरून आणि सोडून. भाचा सध्या याच टप्प्यात आहे. रविवारी गाडी घाटात नेऊ का म्हणून विचारत होता. मी म्हटले, ने, पण चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नकोस आणि महामार्गावरचे किलोमीटर हिशेबात धरू नकोस.

आपली,
एक निवृत्त ध्वनी-कंपन अभियंता